ॲसिड रॉकमधलं ॲसिड आमच्या बाटलीतलं नाही हो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मागच्या पानावर जुन्या रॉक बँडांवर जो लेख आलाय तो मी दुकान उघडायच्या आधी चहाबरोबर वाचला आणि दिवसभर डोक्यातनं जाईना, म्हणून हे पत्र. मोबाईलवर टाईप करतोय, ऱ्हस्वदीर्घ इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या. लेख तसा वाईट नव्हता, मराठी पेपरात या विषयावर अर्धं पान मिळालं हेच खूप झालं, पण लेखाच्या मधोमध जी चौकट टाकलीय ना तिनं घात केला. फोटोखाली छापलंय 'आम्लीय रॉकचे जनक पिंक फ्लॉइड'. चौकटीत छापलंय की ॲसिड रॉक म्हणजे कानाला ॲसिडसारखं झोंबणारं कर्कश संगीत, त्यालाच सायकोडेलिक असंही म्हणतात आणि ते आजही गोव्यात हणजूणच्या पार्ट्यांत वाजतं. चार ओळींत चार चुका, म्हणजे ओळीला एक पडली!

आता मी कोण हे सांगणारा. आमचं कोल्हापूरला गुजरीत सोन्याचांदीचं दुकान आहे, आजोबांपासूनचं, त्यामुळं ॲसिड या वस्तूशी माझा लहानपणापासून रोजचा संबंध. आणि कॉलेजात असताना मुंबईला मामाकडं सुट्टीला गेलो की चोरबाजारातनं जुन्या रेकॉर्डी आणायचा नाद लागला तो अजून सुटलेला नाही, त्यामुळं रॉकशीही संबंध. एका माणसाचा दोन्हींशी संबंध असणं हे आपल्या पेपरच्या वाचकांत क्वचितच असेल, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

पहिलं म्हणजे हे ॲसिड ते नव्हे. मराठी वाचकाला ॲसिड म्हटलं की काय आठवतं, एक तर संडास धुवायची बाटली, नाही तर पेपरातली ॲसिडहल्ल्याची बातमी, नाही तर जेवणानंतरची जळजळ. त्यामुळं चौकट लिहिणाऱ्याला वाटलं असणार की ॲसिड म्हणजे जाळणारं तर ॲसिड रॉक म्हणजे कान जाळणारं. पण हे ॲसिड म्हणजे एलएसडी, एक नशेचा पदार्थ. लायसर्जिक ॲसिड डायइथिलामाइड हे त्याचं पूर्ण नाव, त्यातला मधला शब्द उचलून अमेरिकेतली पोरं त्याला नुसतं ॲसिड म्हणायला लागली. एलएसडीमधला एस तर जर्मन आहे, ॲसिडला जर्मनमधे झॉयर म्हणतात आणि ते एसवरनं लिहितात, कारण हा पदार्थ बनला स्वित्झर्लंडमधे, बाझल गावात, सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत. अल्बर्ट हॉफमन नावाच्या केमिस्टनं तो १९३८ साली बनवला, तेव्हा कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही, मग १९४३ च्या एप्रिलमधे चुकून थोडा त्याच्या अंगात गेला आणि काहीतरी विचित्र वाटलं म्हणून तीन दिवसांनी त्यानं मुद्दाम मोजून घेतला. किती, तर २५० मायक्रोग्रॅम. आता आमच्या भाषेत सांगतो, एक गुंज म्हणजे साधारण १२० मिलिग्रॅम, तर हा झाला गुंजेचा जवळपास पाचशेवा भाग. आमच्या दुकानातला काटा एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो, त्याच्यावर हे ठेवलं तर शून्यच दिसेल. आणि एवढ्याशा कणानं तो माणूस सायकलवरनं घरी जाताना रस्ता लाटेसारखा हलताना बघत गेला. त्याला वाटलं आपण तर कमीच घेतलंय, पण ते त्याच्यासाठीसुद्धा फार झालं.

या पदार्थाचं मूळ राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या अरगट बुरशीत आहे. आपल्याकडं बाजरीवर अरगट पडतो तो शेतकऱ्यांना माहीत असेल, बुरशी त्याच कुळातली पण जात वेगळी आणि त्यातली रसायनंही वेगळी, तेव्हा कुणी बाजरीकडं संशयानं बघू नये, आणि अरगटाची कणसं पोटात गेली तर विषबाधाच होते. आणि हेही आत्ताच सांगून टाकतो की मी स्वतः चहापलीकडं कशाच्या नादी लागलो नाही, एलएसडी आपल्याकडं एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, घरी पोलीस आणायची मला हौस नाही. पण शब्द कुठनं आला हे सांगायचं तर पदार्थाचं नाव घ्यावंच लागतं.

आता सोनाराचं ॲसिड. आम्ही त्याला तेजाब म्हणतो. गिऱ्हाईक मोड घेऊन आलं की दागिना कसोटीच्या काळ्या दगडावर घासायचा, रेघ उमटते, तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकायचा, पितळ असेल तर रेघ उडून जाते आणि सोनं असेल तर तशीच राहते. आता कॅरेट मशीन आलं, हॉलमार्क आला, पण वडील असेपर्यंत मशीनवर विश्वास नव्हता त्यांचा, दगड काढायचेच. इंग्रजीत ॲसिड टेस्ट हा शब्द याच कामावरनं पडलाय, खरी कसोटी या अर्थानं. आणि गंमत म्हणजे ॲसिड रॉकच्या गोष्टीत ही ॲसिड टेस्ट खरोखर येते.

झालं असं की केन केसी नावाचा एक अमेरिकन लेखक होता, त्यानं आणि त्याच्या टोळीनं १९६५ च्या शेवटापासनं कॅलिफोर्नियात पार्ट्या भरवायला सुरुवात केली, त्यांना नाव दिलं ॲसिड टेस्ट. पोस्टरवर चक्क विचारलेलं असायचं की तुम्ही ॲसिड टेस्ट पास होणार का. दोन्ही अर्थ एकाच शब्दात, श्लेष हो, आपल्या पंतकवींनाही आवडला असता. उघडउघड पोस्टर लावता यायची कारण तेव्हा तिथं एलएसडी कायद्यानं बंद नव्हतं, कॅलिफोर्नियात बंदी आली ६ ऑक्टोबर १९६६ ला. तर या पार्ट्यांत एक बँड वाजवायला असायचा, त्याचं आधीचं नाव वॉरलॉक्स आणि मग ग्रेटफुल डेड. तीन मिनिटांचं गाणं आणि संपलं असं तिथं चालायचंच नाही, लोक रात्रभर तिथंच, भिंतीवर तेल आणि रंगीत पाणी काचेत हलवून त्याचा उजेड पाडलेला, मग बँडही एकेक गाणं ताणत न्यायचा, वीस मिनिटं, अर्धा तास, मधे गाणं कुठं गेलं कुणालाच कळायचं नाही आणि परत सापडायचं. १९६६ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत तीन दिवसांचा ट्रिप्स फेस्टिव्हल झाला, मग फिलमोर आणि ॲव्हलॉन हे दोन हॉल जोरात सुरू झाले आणि जेफर्सन एअरप्लेन, क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिस, जॅनिस जॉप्लिनचा बिग ब्रदर हे सगळे बँड तिथं वाजवायला लागले. या सगळ्यांना मिळून पेपरवाले ॲसिड रॉक म्हणायला लागले.

माझा मुद्दा इथंच आहे, संपादकसाहेब. हे नाव आवाजावरनं पडलेलं नाही, प्रसंगावरनं पडलंय. ॲसिडच्या रात्री जे वाजतं ते ॲसिड रॉक. आपल्याकडं जात्यावरची ओवी असते ना, तिला जात्यावरची म्हणतात कारण ती दळताना म्हणायची, म्हणून ती दगडासारखी खरखरीत असते असं कुणी छापेल का? ग्रेटफुल डेडच्या कितीतरी वाजवण्यात कर्कश काहीच नाही, उलट इतकं संथ आणि पसरट की माझा मुलगा म्हणतो बाबा हे चालू आहे का संपलंय. आम्लीय म्हटलं की हे सगळंच गेलं, उरलं काय, नववीच्या विज्ञानातलं लिटमस.

पण आता चौकट लिहिणाऱ्याची बाजूही घेतो, कारण तो सगळाच चुकला नाही. शब्द एका जागी बसून राहत नाहीत. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोतलाच ब्लू चीअर नावाचा तिघांचा बँड पुढं आला, नावसुद्धा एलएसडीच्याच एका प्रकारावरनं घेतलेलं, आणि त्यांनी १९५८ चं एक जुनं रॉक अँड रोल गाणं इतक्या मोठ्या आवाजात, इतकं फाडून वाजवलं की ते तिथल्या चार्टवर चौदाव्या नंबरापर्यंत गेलं. त्याच वर्षी आयर्न बटरफ्लाय या बँडनं सतरा मिनिटांचं एकच गाणं काढलं, एलपीची एक अख्खी बाजू, ऑर्गन घुमतोय, गिटार फझवर म्हणजे मुद्दाम फाटलेल्या आवाजात, मधे लांबलचक ड्रम. त्याचं नाव वाचून अर्थ लागत नाही कारण मूळ 'इन द गार्डन ऑफ ईडन' असं होतं ते गायकानं तोंडातल्या तोंडात म्हटलं आणि तसंच लिहून घेतलं. तर हे असले बँड आले तेव्हा लोक त्यांनाही ॲसिड रॉक म्हणायला लागले आणि हळूहळू उलटं झालं, म्हणजे सायकेडेलिक रॉकमधला जो जड, गुरगुरणारा, फाटलेल्या आवाजाचा भाग आहे तोच ॲसिड रॉक असं ठरलं. सुरुवातीच्या डीप पर्पलला, ब्लॅक सॅबथलासुद्धा काही लिहिणाऱ्यांनी हेच नाव लावलं होतं, पुढं त्यांच्यासाठी हेवी मेटल हा शब्द रुळला आणि ॲसिड रॉक मागं पडला. म्हणजे चौकटीतला 'झोंबणारं' हा शब्द दुसऱ्या अर्थाला अर्धामुर्धा लागू पडतो, पण कारण चुकीचं दिलंय. गणिताचं उत्तर बरोबर आणि रीत चूक, आमचे मास्तर अशाला अर्धा मार्क द्यायचे, मी पण देतो.

मग हा शब्द वापरायचा कसा? माझ्या अंदाजानं सायकेडेलिक रॉक ही मोठी छत्री धरावी, तिच्याखाली लंडन, टेक्सस, सॅन फ्रान्सिस्को सगळं येतं. ॲसिड रॉक म्हणायचं असेल तर दोनच ठिकाणी म्हणावं, एक तर १९६५ ते ६७ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या रात्रींबद्दल, नाही तर ६८ नंतरच्या जड गिटारवाल्यांबद्दल, आणि दोनपैकी कुठलं ते वाक्यात कळलं पाहिजे. एवढं केलं तरी बास. पिंक फ्लॉइड यांपैकी कशातच बसत नाही. ते लंडनचे, यूएफओ क्लबमधे १९६६-६७ च्या हिवाळ्यात वाजवत होते, त्यांच्याबद्दल सायकेडेलिक म्हणा, पुढचं ऐकून कुणी स्पेस रॉक म्हणतात तेही चालेल, पण जनक वगैरे नको. जनक म्हटलं की दुसऱ्या दिवशी भांडणं होतात. टेक्ससच्या ऑस्टिन गावात थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स नावाचा बँड होता, त्यांनी १९६६ सालीच अल्बमच्या नावात सायकेडेलिक शब्द घातला होता, आणि त्यांच्यातला एक जण मातीच्या सुरईच्या तोंडाशी माईक धरून तोंडानं हूहू असा आवाज काढायचा, तोच त्यांच्या रेकॉर्डीवर सगळीकडं ऐकू येतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं सुईच खराब झाली.

आता 'सायकोडेलिक'. हा शब्द सायकेडेलिक असा आहे, के, को नाही, आणि हे नुसतं शुद्धलेखन नव्हे. हम्फ्री ऑस्मंड नावाचा ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ कॅनडात या औषधांवर काम करत होता. तोपर्यंत डॉक्टर लोक एलएसडीला जे नाव वापरत त्याचा अर्थ होता वेडाची नक्कल करणारं, ऑस्मंडला ते पटत नव्हतं. १९५६ मधे त्याची आणि लेखक ऑल्डस हक्सली यांची पत्रापत्री चालली होती, हक्सलीनं फॅनरोथाइम असा शब्द सुचवला, ऑस्मंडनं सायकेडेलिक सुचवला, ग्रीकमधे सायकी म्हणजे मन किंवा आत्मा आणि डेलोस म्हणजे स्पष्ट, उघड. मन उघड करून दाखवणारं. पुढच्या वर्षी त्यानं तो न्यूयॉर्कच्या विज्ञानसभेत सगळ्यांसमोर मांडला. सायको म्हटलं की परत वेडाकडं जातं, तेच तर त्याला टाळायचं होतं, आणि आपण तोच को परत आणून बसवतोय. (हक्सलीचं ऐकलं असतं तर आज आपण फॅनरोथाइम रॉक लिहीत बसलो असतो, कंपोझिटरनं राजीनामाच दिला असता.) आपल्याकडं काही लोक सायकेडेलिकला भ्रमजनक लिहितात, तेही मला बरोबर वाटत नाही, भ्रम म्हणजे नसलेलं दिसणं आणि हा शब्द म्हणतोय की आत असलेलं दिसणं. खरं काय होतं तो डॉक्टरांचा प्रश्न, पण शब्दाचा अर्थ तरी उलटा करू नका. मराठी प्रतिशब्द काढायचाच असा हट्ट असेल तर काढा, मी अडवत नाही, पण मला विचाराल तर टेबल आणि स्टेशनसारखा तसाच ठेवा.

राहिलं गोवा. हणजूणला जे वाजतं ते ट्रान्स, गोवा ट्रान्स म्हणूनच ते जगभर ओळखलं जातं, ते मशीनवरचं नाचायचं संगीत आहे, त्याचा सूर सायकेडेलिक असेल पण रॉक नाही, गिटार-ड्रमचा बँड तिथं नसतोच. गोंधळ होण्याचं कारण मला कळतं, कारण ॲसिड हा शब्द पुढं दुसरीकडंही चिकटला. लंडनमधे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ॲसिड जॅझ आला, शिकागोत १९८७ मधे फ्युचर नावाच्या ग्रुपच्या रेकॉर्डीपासनं ॲसिड हाउस हे नाव रुळलं, तेही मशीनवरचं नाचायचंच संगीत. त्या ॲसिड हाउसमधे जो चिरका, वळवळणारा बेसचा आवाज आहे तो रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ नावाच्या छोट्या मशीनमधनं येतो, ते मशीन खरं तर गिटारवाल्यांना घरी एकट्यानं सराव करताना बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं, त्या कामाला कुणी घेतलं नाही, स्वस्तात विकलं गेलं आणि पोरांनी त्याचे कान पिळून भलताच आवाज काढला.

आणि इथं मला आपल्या पुरवणीवर खरा राग आलाय तो हा, की अर्धं पान परदेशाला देऊन मुंबईतली एक गोष्ट सुटली. चरणजित सिंग नावाचे वादक होते, हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगांत वाजवायचे. त्यांनी १९८२ साली एचएमव्हीवर एक एलपी काढली, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर, त्याच टीबी-३०३ वर, शिकागोच्या पाच वर्षं आधी. तेव्हा इथं कुणी ढुंकून बघितलं नाही. २०१० मधे ती परत निघाली तेव्हा परदेशातले लोक थक्क झाले की हे तर ॲसिड हाउस आहे आणि तेही ॲसिड हाउसच्या आधीचं. आता बघा, सिंगसाहेबांनी भैरव, यमन वाजवला होता, त्यांच्या मनात ॲसिड हा शब्दसुद्धा नव्हता, तो शब्द नंतरच्यांनी मागं जाऊन चिकटवला. मी ती एलपी चोरबाजारात कितीदा हातात घेऊन परत ठेवली असेल देव जाणे, डिस्को म्हणून नको वाटायची, आता मूळ प्रत परवडत नाही.

तसंच सत्तरच्या आसपास आपल्याकडं जे बँड होते त्यांनाही आता मागनं ॲसिड रॉक म्हणायची फॅशन आलीय, लेखात एका ओळीत ते आलंय. सिमला सिगारेटवाले तेव्हा बँडांची स्पर्धा घ्यायचे, सिमला बीट म्हणून, १९७० आणि ७१ ला त्यातल्या बँडांच्या एलपीही निघाल्या. त्यात फझ गिटार आहे, ऑर्गन आहे, सायकेडेलिक म्हणायला कुणाची ना नाही. पण नावातच बीट आहे ना, तेव्हा ते स्वतःला बीट ग्रुप म्हणायचे, लोकही तेच म्हणायचे. त्यांना त्यांच्याच नावानं हाक मारायला काय हरकत आहे.

तर पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती छापा, फोटोखालचं आम्लीय आणि जनक दोन्ही काढा, सायकोचं सायके करा आणि चौकटीतनं गोवा उचला. चौकट लिहिणारा पोरगा नवीन असेल तर त्याला रागावू नका, कोल्हापूरला आला तर दुकानात पाठवा, मी त्याला कसोटीचा दगडही दाखवतो आणि वर माडीवर नेऊन ब्लू चीअरही ऐकवतो, खाली गिऱ्हाईक नसेल तेव्हा.

आपला,
एक जुना वाचक, गुजरी, कोल्हापूर
(नाव छापू नये, गिऱ्हाईकं दागिना सोडून गाण्यांचंच विचारत बसतात.)

ता. क. पत्र पाठवणार तेवढ्यात आठवलं, पुढच्या भागात राग रॉकवर लेख येणार असं खाली लिहिलंय. तो राग म्हणजे यमन-भैरवीतला राग, सतारीची छाप पडलेल्या गाण्यांना १९६६ मधे अमेरिकेत दिलेलं नाव, द बर्ड्स या बँडच्या वेळेपासनं चाललेलं. संतापलेला रॉक असं काही चौकटीत येऊ देऊ नका. आणि रविशंकरांचा फोटो घालणार असाल तर हेही लिहा की १९६७ च्या जूनमधे कॅलिफोर्नियात माँटेरेच्या पॉप महोत्सवात ते वाजवायला बसले होते पण आपल्या संगीताला नशेशी जोडलेलं त्यांना अजिबात आवडायचं नाही. जवळच मिरजेत सतारमेकर गल्ली आहे, तिथं कुणाकडंही जाऊन तुमच्या माणसानं विचारावं की सतार जुळवायला किती शुद्ध लागते.